शेरा : सोबत कुत्रे एक

पंचांगात पावसाच्या नक्षत्रांना वाहनं दिलेली असतात. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं आणि उरलेल्या बाकीवरून वाहन ठरवायचं, असा तो हिशेब. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव आणि हत्ती अशी ही नऊ वाहनं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला की शेतकरी खूश. कोल्हा किंवा मेंढा आला की कपाळावर आठी. कोल्हापूरच्या आसपासच्या गावांतली म्हातारी माणसं अजूनही विचारतात, “यंदा मिरग कशावर बसून आलाय?” या नऊ जणांत उंदराला जागा आहे, गाढवाला आहे, कुत्र्याला नाही. पावसात ज्याची सगळ्यांत जास्त तारांबळ उडते, त्याचंच नाव पावसाच्या हिशेबात नाही.

यादीत नाव नसणं हे कुत्र्याच्या नशिबी पहिल्यापासूनच आहे. बेंदराला बैलाच्या शिंगांना रंग लागतो, नागपंचमीला नागाला दूध-लाह्या, वसुबारसेला गाईला ओवाळणी. कुत्र्याला आपल्याकडं सण नाही. नेपाळात तिहार सणाच्या दुसऱ्या दिवशी कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालतात, कपाळाला टिळा लावतात. आपल्याकडं पितृपक्षात गाय आणि कावळा यांच्याबरोबर कुत्र्याचाही घास काढून ठेवतात, तेवढाच त्याचा मान. म्हणजे पानात वाटा आहे, वहीत नोंद नाही.

मी सदतीस वर्षं बँकेत काढली. त्यामुळं ‘वहीत नोंद नाही’ या शब्दांचा अर्थ मला जरा जास्तच कळतो. नोकरीची उमेदीची वर्षं ग्रामीण शाखांत गेली. १९८० साली एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशभर लागू झाला आणि १९९९ साली तो दुसऱ्या योजनेत मिसळून गेला. त्या मधल्या काळात आम्ही किती म्हशींना कर्जं दिली असतील याची गणती नाही. म्हशीची रीतसर फाइल असे. रंग कोणता, शिंगांची ठेवण कशी, वेत कितवं, दूध किती, किंमत किती. विमा उतरवला की कानाला बिल्ला. म्हैस दगावली तर तो बिल्ला हजर करावा लागे. बिल्ला नाही तर दावा नाही, असा सरळ व्यवहार. या म्हशींच्या तपासणीला गावात गेलं की आमचं पहिलं स्वागत मात्र कुत्रं करायचं. गोठ्याच्या तोंडाशी उभं राहून ते असं काही भुंकायचं, की कर्जदार घरात आहे की मागच्या दारानं गेला, हे त्याच्या आवाजावरूनच आम्ही ओळखू लागलो होतो. रात्रभर म्हैस राखायची त्यानं, आणि फाइल म्हशीची! तारण म्हशीचं, तारणाची राखण कुत्र्याची, आणि कागदोपत्री किंमत शून्य.

गावाकडच्या घरांत कुत्र्याची हद्दही ठरलेली असायची. त्याची जागा परड्यात किंवा अंगणात. उंबरा त्याचा नव्हे. आमच्या आजीचा कायदा मोठा कडक होता. पण झड लागली, पन्हाळी अखंड वाहू लागल्या, परड्यात पाय ठेवायला कोरडी जागा उरली नाही, की त्या कायद्यात आपोआप दुरुस्ती व्हायची. पहिल्या दिवशी कुत्रं पायरीवर, दुसऱ्या दिवशी उंबऱ्याला नाक लावून, तिसऱ्या दिवशी सोप्यात बैलांच्या वैरणीशेजारी. आजी म्हणायची, “सोप्यापत्तोर ये, माजघरात पाय टाकलास तर बघ.” पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस असे दोन्ही बरसून जाईपर्यंत कुत्र्याचा मुक्काम सोप्यात असे. पाऊस ओसरला की ते न सांगता पुन्हा परड्यात जायचं. घराची भिंत तीच, हद्द मात्र पावसागणिक सरकायची.

आता आमच्या शहरातल्या घराला सोपा नाही आणि परडंही नाही. त्यामुळं २०१४ सालच्या मृगात गेटाखालून सरपटत आलेलं एक भिजलेलं पिल्लू पहिल्याच दिवशी थेट माजघरात पोचलं. बरगड्या मोजता येतील असा देह, म्हणून आमच्या सौ.नी त्याचं नाव ‘पैलवान’ ठेवलं. तालमींच्या या गावात नावाची अब्रू त्यानं कधीही राखली नाही. ढग गडगडला की पैलवान पलंगाखाली. आपल्याला जो गडगडाट ऐकूही येत नाही, तो त्याला आधी ऐकू येतो. त्यामुळं लख्ख उन्हात हा पलंगाखाली गेला की सौ. गच्चीवरचे पापड काढायला धावतात. वेधशाळेपेक्षा त्यांचा पैलवानावर भरवसा जास्त.

कुत्र्याबरोबरचा पावसाळा म्हणजे रोजचं एक वेळापत्रक असतं, आणि ते पाऊस ठरवतो. सकाळी सहाला दार उघडायचं. पैलवान उंबऱ्यात उभा राहून बाहेर बघतो, मग माझ्याकडं बघतो. हे काम तुम्हीच बंद करा, असा साधारण भाव. त्याला पाण्यात पाय घालणं पसंत नाही, आणि पोटातली निकड तर थांबत नाही. मग खताच्या प्लॅस्टिकच्या पोत्याची एक खोळ मी त्याच्यासाठी बेतली. लहानपणी आम्ही अशीच खोळ पांघरून शाळेत जायचो. दोन कोपरे एकात एक सारले की झालं. पैलवान ती घालून गल्लीत निघाला की शाळेची पोरं रिक्षातून ओरडतात, “काका, दप्तर कुठाय त्याचं?”

परतल्यावर खरी कसोटी. दारात पोतं अंथरलेलं असतं. त्यावर त्यानं उभं राहायचं आणि अंग झटकायचं, असा करार आहे. करार तो पाळतो, फक्त पोत्यावर उभं राहण्याचं कलम सोडून. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी प्राण्यांच्या या अंग झटकण्याचा अभ्यास करून २०१२ साली तो प्रसिद्ध केला. उंदीर सेकंदाला तीसेक हिसडे देतो, मोठा कुत्रा चार-पाच. प्राणी जितका लहान तितकं त्याला जोरानं झटकावं लागतं. केसाळ प्राणी अंगावरचं सत्तर टक्के पाणी अशा रीतीनं क्षणात उडवू शकतो म्हणे. हे सत्तर टक्के पाणी कुठं जातं, ते मात्र त्या शास्त्रज्ञांना विचारायला नको; आमच्या भिंती बघितल्या तरी पुरे. उरलेलं तीस टक्के जुन्या टॉवेलनं टिपावं लागतं. ते नीट टिपलं नाही तर बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत ओल राहते, बुरशी धरते, खाज सुटते. ओल्या कुत्र्याचा तो प्रसिद्ध वासही बिचाऱ्याचा स्वतःचा नव्हेच. केसांत राहणारे सूक्ष्म जीव जे काही तयार करतात, ते पाण्याच्या वाफेबरोबर हवेत येतं. हे कळल्यापासून सौ. त्याला रागवत नाहीत, त्या जीवांना रागवतात.

पावसाळ्यात गोचीड वाढते आणि गोचिडीतून येणारा ताप कुत्र्याला बघता बघता खंगवतो. म्हणून रोज संध्याकाळी दिव्याखाली त्याचे कान, मान आणि बेचके तपासणं हा माझा निवृत्तीनंतरचा धंदा. तुंबलेल्या पाण्यातून लेप्टोचा धोका. उंदरांच्या मुतातून तो पाण्यात उतरतो आणि कुत्र्याला होतो तसा माणसालाही होतो. त्याची लस दरवर्षी टोचायची, रेबीजचीही टोचायची. आणि एक सूचना स्वयंपाकघरासाठी. पाऊस लागला की घरोघरी कांदाभजी होतात, आणि कढईशेजारी बसलेल्या कुत्र्याच्या नजरेला जगात उत्तर नाही. तरी द्यायची नाहीत. कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. पांढऱ्या रश्श्यातलं शिजलेलं हाडूकही नाही. शिजलेल्या हाडाच्या धारदार चिपा होतात आणि आतड्यात रुततात. ताकात कुस्करलेली भाकरी, त्यावर उकडलेलं अंडं एवढ्यावर पैलवान खूश असतो. निदान तसं दाखवतो.

आमच्या गल्लीत पैलवानाचे जे भाऊबंद राहतात, त्यांच्या पावसाळ्याला असं वेळापत्रक नसतं. उभ्या मोटारींच्या पोटाखाली, बंद शटरांच्या पायऱ्यांवर, एस.टी. स्टँडच्या कडेला ती अंगाची वळकटी करून पडलेली असतात. पावसात कोरडी जागा थोडी, आणि त्या थोड्या जागेवर माणसाचाही दावा असतो. मग हाकलाहाकली होते, कुणी चावतं, कुणी दगड मारतं. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयात या भटक्या कुत्र्यांवरून देशभर गाजलेला वाद झाला. चावा घेतलेल्या पोराच्या आईचं म्हणणं खोटं नाही आणि भिजणाऱ्या जनावराचं दुःखही खोटं नाही. नसबंदी आणि लस ही दोन कामं वेळेवर, मन लावून झाली असती तर प्रश्न इतका चिघळला नसता, एवढंच मला दिसतं. वाद जुना आहे. १८३२ सालच्या जून महिन्यात, म्हणजे पावसाच्या तोंडावरच, मुंबईत सरकारनं भटकी कुत्री मारायला मारेकऱ्यांना कुत्र्यामागं आठ आणे लावले होते. पाळीव कुत्रीही मारली जाऊ लागली, पारशी समाज चिडला आणि शहरात दंगल झाली. कुत्र्याची किंमत सरकारी कागदावर आली ती अशी, मेल्यावर मिळणारे आठ आणे.

हे सगळं मनात घोळायला एक निमित्त झालं, ते म्हणजे महापूर.

कोल्हापूरचा माणूस पावसाळ्यात एकमेकांना ‘कसं काय’ विचारत नाही, ‘किती फूट?’ असं विचारतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, गगनबावड्याला किती पडला, यांवरून इथला मुलगासुद्धा उद्याचं पाणी सांगतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये ही पातळी ५५ फुटांच्या वर गेली. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. शहर बेट झालं. चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातल्या गावांतून माणसं बोटीनं काढावी लागली. त्या दिवसांत सगळ्या महाराष्ट्रानं एक गोष्ट ऐकली आणि काहींनी तिला अडाणीपणा म्हटलं. माणसं बोटीत बसायला तयार नव्हती, कारण दावणीला जनावरं होती. ज्यांनी म्हशीच्या फाइली पाहिल्यात, त्यांना तो अडाणीपणा वाटला नाही. ती म्हैस म्हणजे मुलीचं लग्न असतं, पोराची फी असते. आणि हिशेबापलीकडचंही काही असतं.

आमचं घर नागाळा पार्काच्या उतारावर. २०१९ साली पाणी आमच्या पायरीशी थांबलं होतं. २०२१ साली ते थांबलं नाही. रात्री गेटात होतं, पहाटे दिवाणखान्यात आलं. आम्ही दोघं आणि पैलवान माडीवर गेलो. वीज नाही, खाली खुर्च्या तरंगून भिंतींना टकटक करताहेत. पैलवान जिन्याच्या पायऱ्या मोजत असल्यासारखा बसला होता. एक पायरी बुडाली की उठून एक पायरी वर. दुपारी बोट आली. बोटीत चार पोरं आणि शेजारच्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या. एक पोरगा म्हणाला, “काका, काकींना घ्या, औषधं घ्या. कुत्रं ऱ्हाऊ दे माडीवर. भाकरी-पाणी ठेवा. दोन दिवसांत पाणी उतरतंय.”

त्याचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्याच्या बोटीला माणसं मोजून घ्यायची होती. पण सौ. माडीच्या खिडकीतून शांतपणे म्हणाल्या, “मग आधी त्या आजींना सोडून या. जागा झाली की आम्ही तिघं येतो.” तिघं! पोरानं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा पैलवानाकडं. बोटीतली एक म्हातारी म्हणाली, “घे रं बाबा. माझ्या पायापाशी बसंल. माझंबी मांजर हाय की पिशवीत.” पिशवी खरोखरच हलत होती. बोटीत सगळे हसले. त्या पाण्यात दोन दिवसांत पहिल्यांदा कुणी हसल्याचं मी ऐकलं. पैलवान सौ.च्या मांडीत तोंड खुपसून बसला आणि बोट थांबेपर्यंत त्यानं कानसुद्धा हलवला नाही.

निवाऱ्याच्या जागी एका टेबलावर रजिस्टर होतं. नाव, वय, पत्ता, कुटुंबातील व्यक्ती, शेरा. सवयीनं माझी नजर रकान्यांवरून फिरली. लिहिणारा तरुण दोन दिवस झोपलेला नसावा. त्यानं ‘व्यक्ती’ या रकान्यात २ लिहिलं. मग मान वर करून पैलवानाकडं बघितलं आणि पेन्सिल कानामागून काढून, पुन्हा ठेवून, पेनानंच शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : ‘सोबत कुत्रे १’. पेन्सिलीनं लिहिलेलं खोडता येतं, पेनानं लिहिलेली नोंद कायम होते, हे बँकेतल्या माणसाला सांगावं लागत नाही. पैलवानाच्या जातीची सरकारी कागदावरची ही नोंद आठ आण्यांची नव्हती. तिच्यापुढं रक्कमच नव्हती.

पाणी उतरल्यावर पंचनामे झाले. आपत्तीत दगावलेल्या जनावरांच्या मदतीचे केंद्राचे निकष ठरलेले असतात. २०१५ ते २०२० या काळासाठीच्या निकषांत दुभत्या म्हशीला किंवा गाईला ३० हजार रुपये, ओढकामाच्या बैलाला २५ हजार, शेळी-मेंढीला ३ हजार आणि कोंबडीला ५० रुपये होते. या यादीत कुत्रा नाही. असावा असा माझा आग्रहही नाही. मदत पोटासाठी असते, आणि म्हशीवर पोट चालतं तसं कुत्र्यावर चालत नाही. पण यादीत नसलं की एक गोष्ट घडते. ज्याची नोंद नाही, ते वाचवायच्या वेळीही कुणाच्या ध्यानात राहत नाही. साखळीला बांधलेलं कुत्रं साखळीलाच राहतं. म्हैस बुडाली तर कुणीतरी मोजतं; कुत्रं बुडालं तर फक्त घर मोजतं.

कायद्यानं याबाबत एक पाऊल पुढं टाकलं आहे. १८६०च्या भारतीय दंड संहितेत कुणाचं जनावर मारल्याची शिक्षा त्याच्या किमतीवर ठरे. हत्ती, घोडा, गाय, म्हैस असेल तर किंमत कितीही असो. इतर जनावर पन्नास रुपयांचं असेल तर तेच कलम. आणि दहा रुपयांच्या वरचं असेल तर त्याहून हलकं कलम. म्हणजे गावठी कुत्र्याला न्याय मिळायचा तर आधी तो दहा रुपयांचा आहे हे सिद्ध करायचं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५व्या कलमातून ही रुपयांची अट गेली. कुठलंही जनावर, शिक्षा एकच. एकशे चौसष्ट वर्षांनी कुत्र्याच्या नावापुढची रक्कम खोडली गेली. हिशेबाच्या वहीत रक्कम खोडणं हा गुन्हा असतो. इथं ते पुण्य झालं.

तसं पाहिलं तर आपल्याला हे नवं नाही. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडीला दरवर्षी पूर देवळात शिरतो. उत्तरेच्या दारानं आलेलं पाणी पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, आणि त्या दक्षिणद्वाराच्या पाण्यात स्नान करायला लोक गर्दी करतात. तिथल्या दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री आहेत. आपण त्यांना चार वेद म्हणतो आणि दारातल्या पाचव्याला हाड म्हणतो. महाभारताच्या शेवटी इंद्र रथ घेऊन येतो आणि युधिष्ठिराला तेच सांगतो, जे त्या बोटीवरच्या पोरानं मला सांगितलं : या वाहनात कुत्रं चालणार नाही. स्वर्गाचं दार उघडं असताना तो म्हातारा राजा खाली उभा राहिला. भाऊ गेले, बायको गेली, तरी सोबत आलेल्याला सोडून वर चढायचं नाही, एवढाच त्याचा हट्ट होता. गोष्टीत तो कुत्रा धर्म निघतो. पण युधिष्ठिराला ते ठाऊक नव्हतं, हे आपण विसरतो. त्यानं हट्ट धरला तो साध्या कुत्र्यासाठी.

म्हणून पुढच्या मृगाआधी, पाणी ३९ फुटांवर जाण्याची वाट न बघता, कुत्रं असलेल्या प्रत्येक घरानं चार गोष्टी करून ठेवाव्यात. कागदपत्रांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत लसीचं कार्ड ठेवावं. मजबूत पट्टा आणि दोरी दारामागच्या खुंटीला असावी. त्याला गर्दीत गप्प बसायची सवय आताच लावावी. आणि काही कारणानं न्यायला जमलंच नाही, तर निदान साखळी सोडून, माडीचं दार उघडं ठेवून बाहेर पडावं. बांधलेलं जनावर पोहू शकत नाही. नगरपालिका असो, ग्रामपंचायत असो, पुराच्या निवाऱ्याचं रजिस्टर आखणाऱ्यांनाही एक विनंती आहे. वर्षानुवर्षं तेच रकाने आखले जातात. त्यांत एक वाढवावा. ‘सोबतचे प्राणी’ असं त्याच्या डोक्यावर लिहावं. फार जागा लागणार नाही. आणि तो रकाना आखलेला असला, म्हणजे बोटीवरच्या पोरालाही निघतानाच कळेल, की या घरात मोजायची माणसं किती आणि न्यायचे जीव किती.